गोल्फची मोठी स्पर्धा बडोद्यात आली तर शहराच्या पदरात काय पडेल?

बडोद्याजवळच्या कोटंबीच्या क्रिकेट स्टेडियमवर डिसेंबर २०२४ मध्ये महिलांचे एकदिवसीय सामने झाले, नंतर डब्ल्यूपीएल (महिला प्रीमियर लीग) झालं आणि जानेवारी २०२६ मध्ये भारत-न्यूझीलंड सामनाही झाला. तेव्हापासून बडोद्यात एक प्रश्न वारंवार निघतो. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान आहेच, मग तिथे एखादी मोठी स्पर्धा का भरवू नये? त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतो, शहराला त्यातून मिळणार काय? सवयीचं उत्तर ठरलेलं: पर्यटन वाढेल, कोट्यवधींची उलाढाल होईल, शहराचं नाव जगभर होईल. यातलं थोडं खरं आहे, पण सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितलं जातं तेच सगळ्यात कमी खरं. स्पर्धेच्या चार दिवसांत शहरात येणारा पैसा किरकोळ असतो आणि त्यातला बराच लगेच बाहेर जातो. खरा लाभ स्पर्धेच्या आधीच्या दीड वर्षात तयार होतो. तोही आपोआप मिळत नाही, करारात लिहून घ्यावा लागतो.

‘मोठी’ म्हणजे केवढी, हे आधी ठरवू. भारतातल्या व्यावसायिक गोल्फची संस्था पीजीटीआय. तिच्या नेहमीच्या स्पर्धेचं बक्षीस साधारण १ कोटी रुपये असतं आणि विजेत्याला १५ लाख मिळतात. १९६४ पासून चालत आलेल्या इंडियन ओपनचं बक्षीस २०२५ मध्ये साडेबावीस लाख डॉलर होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्ली गोल्फ क्लबवर ४० लाख डॉलरची स्पर्धा झाली. रोरी मॅकलरॉय खेळायला आला आणि टॉमी फ्लीटवूड जिंकला. बडोद्यानं पहिल्या पायरीचा विचार करावा, जमलं तर आशियाई पातळीच्या मधल्या पायरीचा. तिसरीचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण त्यासाठी आत्तापासून कुदळ मारू नये.

दिल्लीच्या त्या स्पर्धेतून आपल्या कामाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्या क्लबचं मैदान, लोधी कोर्स, जुना, अरुंद आणि दोन्ही बाजूंना झाडीनं दाटलेला. मॅकलरॉयनं तिथे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, वापरायचंच टाळलं. म्हणजे ‘आपलं मैदान जुनं, शहराच्या मधोमध, वाढवायला जागा नाही’ ही सबब पुरेशी नाही. अरुंद मैदानाला लांबीपेक्षा अचूकपणाची परीक्षा घेता येते. राजवाड्याचं मैदान महाराज प्रतापसिंहांनी युरोपीय पाहुण्यांसाठी करून घेतलं होतं. १९९० च्या दशकात समरजितसिंहांनी ते नव्यानं उभं करून बाहेरच्या खेळाडूंना खुलं केलं. तिथे अडचण आहे ती प्रेक्षक, गाड्या आणि टीव्हीचे ट्रक कुठे ठेवायचे याची. एक मोटार उभी करायला आणि वळवायला मिळून साधारण २५ चौरस मीटर लागतात. २,००० मोटारींना ५ हेक्टर झाले. एवढी जागा आवाराबाहेरच शोधावी लागेल, नवलखी मैदान किंवा त्याहून लांब, आणि तिथून शटल बस चालवाव्या लागतील.

आता पैशाचा हिशेब. १२० खेळाडू धरा. दोन दिवसांनंतर निम्मे बाद होतात, याला कट म्हणतात. बाद झालेले ६० जण ४ रात्री राहतील, म्हणजे २४० खोली-रात्री. उरलेले ६० जण ६ रात्री, म्हणजे ३६०. पंच, आयोजक आणि टीव्हीची माणसं मिळून १००, एका खोलीत दोघं, ८ रात्री, म्हणजे ४००. एकूण १,००० खोली-रात्री झाल्या. सरासरी भाडं ५,००० रुपये धरलं तर ५० लाख होतात. जेवणखाण, टॅक्सी, कॅडींच्या (खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्यांच्या) लॉजचा खर्च हे धरून फार तर १ कोटी. कोट्यवधींच्या उलाढालीचे मथळे येतात त्यात बक्षिसाची रक्कम, तंबूवाल्याचं बिल आणि टीव्हीचा खर्च असं सगळं मिसळलेलं असतं. बक्षीस खेळाडूबरोबर त्याच्या गावी जातं. कॅमेऱ्यांचं बिल मुंबई-दिल्लीच्या कंपनीकडे जातं.

यात अजून एक गफलत आहे. पीजीटीआयच्या बऱ्याच स्पर्धा मंगळवार ते शुक्रवार होतात. बडोदा हे कारखान्यांचं आणि कामानिमित्त येणाऱ्यांचं शहर. अलकापुरी-सयाजीगंजची हॉटेलं मधल्या वारीच भरलेली असतात आणि शनिवार-रविवारी रिकामी होतात. मंगळवारी गोल्फर आला आणि त्याच्यामुळे इंजिनिअरला खोली मिळाली नाही, तर शहराच्या खात्यात काहीच वाढलं नाही, नुसता माणूस बदलला. म्हणून आयोजकांकडे पहिला आग्रह धरावा तो गुरुवार ते रविवार खेळवण्याचा.

आणि पालिका? गुजरातेत २००७ पासून जकात नाही. खोलीवरचा जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात. वरच्या ५० लाखांच्या भाड्यावर ५ टक्क्यांनी अडीच लाख येतात आणि त्यातला एक रुपयाही थेट पालिकेत पडत नाही. रस्ते झाडणं, जादा दिवे, वाहतुकीचे अडथळे, फिरती स्वच्छतागृहं यांचा खर्च मात्र शहराचा. तेव्हा ‘शहराला फायदा’ या शब्दांत शहर म्हणजे कोण, हे आधी विचारून घ्यावं. हॉटेलमालकाला मिळतं, राज्य सरकारला थोडं मिळतं, पालिका देणारीच असते. राज्याच्या पर्यटन खात्यानं स्पर्धेला पैसे दिले तर त्यातला ठरावीक वाटा पालिकेच्या खर्चापोटी बाजूला काढला जावा, हे पत्रात आधी यायला हवं.

परदेशातले मोठे आकडेही जरा उलटून बघावेत. २०१९ साली ओपन चॅम्पियनशिप ६८ वर्षांनी उत्तर आयर्लंडच्या रॉयल पोर्टरशला परत आली. २,३७,७५० प्रेक्षक आले आणि लाभाचा आकडा १० कोटी पौंडांच्या वर जाहीर झाला. पण त्या आकड्यात टीव्हीवर दिसलेल्या समुद्रकिनाऱ्याची किंमतही धरलेली आहे, म्हणजे तेवढा वेळ जाहिरातीसाठी विकत घ्यावा लागला असता तर किती पडलं असतं ती रक्कम. ती रक्कम कुणाच्या गल्ल्यात पडत नाही. पोर्टरशचा पक्का लाभ वेगळाच होता. स्पर्धा नीट पार पडली म्हणून २०२५ मध्ये ती पुन्हा तिथेच आली. शिवाय त्या मैदानावर एकदा आपणही खेळावं म्हणून पैसे मोजणारे हौशी खेळाडू वर्षभर येत राहतात.

बडोद्याला असे हौशी खेळाडू मिळतील का? जपानहून कुणी इथे खेळायला येईल असं वाटत नाही. पण दर हिवाळ्यात बडोदा आणि चरोतरात (आणंद-नडियादच्या भागात) इंग्लंड-अमेरिका-कॅनडाहून हजारो माणसं घरी येतात. त्यांतले कितीतरी जण तिकडे दर रविवारी गोल्फ खेळतात आणि इथे महिनाभर बसून कंटाळतात. आपला गिऱ्हाईक तोच. टीव्हीवर दिसलेल्या मैदानावर खेळायला मिळतंय म्हटल्यावर तो पाहुण्यांची फी आनंदानं देईल आणि सोबत मेहुण्यालाही घेऊन येईल.

टीव्हीवरून लाभ हवा असेल तर त्यासाठी तयारी लागते. गोल्फच्या प्रक्षेपणात दोन फटक्यांच्या मधे भरपूर रिकामा वेळ असतो आणि निर्माता त्यात भरायला दृश्यं शोधत असतो. त्याला कुणी काही दिलं नाही तर तो मोर आणि ढग दाखवतो. शहरानं स्पर्धेच्या दोन महिने आधी १५ ते २० सेकंदांच्या पंचवीसेक चित्रफिती द्याव्यात. त्या 4के दर्जाच्या, संगीत न घातलेल्या आणि हक्क मोकळे असलेल्या हव्यात. सूरसागर, कीर्तिमंदिर, मांडवी, न्यायमंदिर, फतेसिंह संग्रहालयातली राजा रविवर्म्यांची चित्रं, चांपानेर-पावागढ, खंडेराव मार्केटमधली सकाळ. प्रत्येक फितीबरोबर दोन ओळींची माहिती आणि नावाचं बरोबर रोमन स्पेलिंग द्यावं, नाहीतर समालोचक गायकवाडांचं काय करेल ते सांगता येत नाही. संगीत घातलेली जाहिरातवजा फिल्म पाठवली तर ती वापरली जात नाही. ही चूक पर्यटन खाती हटकून करतात.

आता पाणी. या सगळ्या विषयात शहरासाठी सगळ्यात मोठा लाभ किंवा सगळ्यात मोठा तोटा इथेच आहे.

१८ होलच्या मैदानात सगळीकडे पाणी देत नाहीत. टी (जिथून पहिला फटका मारतात), फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) आणि ग्रीन (होलभोवतीचं अगदी बारीक गवत) मिळून ३० हेक्टर धरू. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी म्हणजे १,५०० घनमीटर, अर्थात १५ लाख लिटर. मे महिन्यात हा आकडा वाढतो, जानेवारीत कमी होतो. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापानं हे ११,००० माणसांचं रोजचं पाणी झालं. हे पाणी आजवा तलाव किंवा मही नदीच्या नळाचं असेल तर स्पर्धा शहराला महागात पडली म्हणायची, बाकी कितीही टाळ्या वाजोत. बोअरचं असेल तरी तेच, फक्त तक्रार पाच वर्षं उशिरा येते.

मार्ग एकच आहे, सांडपाणी शुद्ध करून वापरणं. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे १४,००० वस्तीचं सांडपाणी मैदानाला पुरतं. नेहमीच्या शुद्धीकरणानंतर त्यावर वाळूचा गाळप थर किंवा पडद्याचा गाळप टप्पा आणि क्लोरिन, एवढं वाढवावं लागतं. बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) १० च्या खाली हवा, नाहीतर साठवण तळ्याला वास येतो आणि शेवाळ धरतं. तळ्यात तीन दिवसांचा साठा हवा, कारण केंद्रातला पंप बंद पडला तर गवत वाट बघत नाही. तीन दिवस म्हणजे ४५ लाख लिटर. ३ मीटर खोल तळ्याला १,५०० चौरस मीटर जागा लागते. तळाला अस्तर घालावं. पाणी रात्री द्यावं, म्हणजे तुषार माणसांच्या अंगावर जात नाहीत आणि बाष्पीभवनही कमी होतं.

यात बिघडतं ते असं. तुषार नोझल बारीक गाळानं तुंबतात, म्हणून पंपानंतर चकतीचे गाळक लागतात आणि ते दर आठवड्याला धुवावे लागतात. सांडपाण्यात मीठ, विशेषतः सोडियम जास्त असतं. आपल्या चिकण मातीत ते साचलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, ग्रीनवर काळपट थर दिसायला लागतो. त्यावर जिप्सम टाकायचं आणि दर काही आठवड्यांनी भरपूर पाणी देऊन मीठ खाली ढकलायचं. बर्म्युडा गवत खारट पाणी बऱ्यापैकी सोसतं, म्हणूनच आपल्याकडे ते चालतं. दर तीन महिन्यांनी मातीची आणि पाण्याची तपासणी करावी आणि तिचे निकाल पालिकेकडेही जावेत.

शहराचा लाभ असा की स्पर्धेसाठी टाकलेली ही नळवाहिनी नंतरही जमिनीत राहते. वाटेत चार ठिकाणी जोड काढून ठेवले तर कमाटी बाग, रस्त्यांचे दुभाजक, बांधकामांचे टँकर यांना तेच पाणी देता येईल. असे जोड नंतर काढायचे म्हणजे रस्ता पुन्हा फोडणं आणि पुन्हा परवानगी. आधी काढले तर त्या तुलनेत खर्च नगण्य.

पाण्याचा दुसरा चेहरा विश्वामित्री. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि निम्मं शहर पाण्यात बसलं. नदीकाठचं मोकळं मैदान पुराच्या वेळी पाण्याला थांबायला जागा देतं. ५० हेक्टरवर १ मीटर पाणी उभं राहिलं तर ५० कोटी लिटर कुणाच्या घरात न शिरता तिथे थांबतं. पण उद्या शहराबाहेर ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचा’ नवा गोल्फ प्रकल्प काढला, कोतरं (घळी) बुजवून सपाटी केली आणि कडेनं बंगले विकले, तर गणित उलटं होतं. मैदान उंचावर, पाणी शेजारच्या सोसायटीत. गोल्फच्या नावानं जमीन मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला आधी आजची आणि नंतरची पातळी दाखवणारा नकाशा मागावा. आणि पुराचा गाळ ग्रीनवर बसलाच तर तो वाळायच्या आत खरवडून धुवावा लागतो. वाळला की सिमेंटसारखा थर होतो आणि खालचं गवत गुदमरतं. विश्वामित्रीतल्या मगरींची पाहणी वनखात्याकडून करून घेणं हेही ओघानं आलंच. परदेशी खेळाडू मगरीचे फोटो हौसेनं काढतात, पण पुराचं पाणी ओसरल्यावर ती सहाव्या होलच्या तळ्यात राहिली असेल तर गंमत संपते.

तारखेचा घोळ बाहेरच्या आयोजकाला लवकर समजत नाही. हिवाळा सोडून इथे मोठी स्पर्धा घेता येत नाही हे उघड आहे, पण हिवाळ्यातही जागा थोडीच. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून लग्नं सुरू होतात आणि हॉटेलंच काय, तंबूवाले आणि जनरेटरवालेही मिळत नाहीत. साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी कमुरतां. लग्नं बंद, मंडपवाले मोकळे, हॉटेलांचे भाव पडलेले. परदेशातले पाहुणेही त्याच दिवसांत शहरात असतात. वरवर बघता हाच मुहूर्त वाटतो, पण उजेड पुरत नाही.

हिशेब मांडून बघू. डिसेंबरअखेर बडोद्यात सूर्य ७:१५ ला उगवतो आणि ६ ला मावळतो. १५६ खेळाडूंची पूर्ण भरलेली स्पर्धा म्हणजे तिघांचे ५२ गट. पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टीवरून खेळ सुरू करतात, सकाळच्या पाळीत प्रत्येक टीवरून १३ गट, ११ मिनिटांच्या अंतरानं. ७:२५ ला पहिला गट, ९:३७ ला सकाळचा शेवटचा. तो अर्धी फेरी संपवून दुसऱ्या टीवर येतो तेव्हा १२ वाजत आलेले असतात, आणि त्याच्यानंतरच दुपारची पाळी सुटते. दुपारचा शेवटचा गट २:१७ ला निघतो आणि ४ तास ५० मिनिटांनी, म्हणजे ७:०७ ला परत येतो. अंधार पडून तास झालेला. १२० खेळाडू घेतले तर शेवटचा गट ६:०१ ला येतो. म्हणजे सकाळी अर्धा तास धुकं पडलं की दिवस मोडला, उरलेले होल दुसऱ्या दिवशी पहाटे आणि टीव्हीचं वेळापत्रक कोलमडलेलं. डिसेंबरात घ्यायचीच तर १०८ खेळाडू ही शहाणपणाची संख्या. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्यास्त ६:३० च्या आसपास जातो आणि १३२ खेळाडू कसेबसे बसतात, पण मग लग्नसराईशी गाठ. १४-१५ जानेवारीच्या उत्तरायणाच्या आसपासचा आठवडा मात्र पूर्ण वर्ज्य. झाडाझुडपांत आणि गवतात अडकलेला मांजा गवत कापणाऱ्या यंत्राच्या रिळात गुंडाळला जातो आणि पाती निकामी करतो. मैदान हातानं वेचून काढायला आठवडा जातो.

थंडीचा गवतावरही परिणाम होतो. रात्री १२-१३ अंशांवर बर्म्युडाची वाढ जवळजवळ थांबते. चेंडू पडून झालेले खळगे भरत नाहीत. म्हणून जमिनीला भोकं पाडून हवा देणं आणि वाळूचा थर टाकणं ही कामं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी लागतात. नोव्हेंबरात केली तर भोकं स्पर्धेपर्यंत दिसत राहतात आणि चेंडू त्यांवरून उड्या मारतो. स्पर्धेच्या आठवड्यात ग्रीन ३ ते साडेतीन मिलिमीटरवर कापतात, रोज दोनदा, उलटसुलट दिशांनी, मग रोलर फिरवतात. वेग स्टिम्पमीटरनं मोजतात. ही ३६ इंचांची खाचेची पट्टी असते, एक टोक उचललं की चेंडू सुटतो आणि सपाट ग्रीनवर किती फूट जातो तो त्या ग्रीनचा वेग. १० ते ११ फूट पुरेत. टीव्हीवर बघून १२ चा हट्ट धरला तर उताराच्या ग्रीनवर चेंडू थांबतच नाही आणि फेरी तासानं लांबते. उजेडाचं गणित वर मांडलंच आहे. हे काम शिकलेली वीस-पंचवीस माणसं स्पर्धेनंतर शहरातच राहतात. बागकाम, क्रिकेटचं मैदान, शाळेचं पटांगण, सगळीकडे त्यांना मागणी असते. माझ्या मते हा रोजगार चार दिवसांच्या हंगामी नोकऱ्यांपेक्षा कितीतरी मोलाचा.

माणसांवरून कॅडींचा विषय निघतो. एसएसपी चौरासिया कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवरच्या मैदान-कामगाराचा मुलगा. त्यानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. अली शेर दिल्लीतला कॅडी, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. भारतीय गोल्फची पुष्कळशी गुणवत्ता क्लबच्या मागच्या दारानं आत आलेली आहे. मोठ्या स्पर्धेत स्थानिक कॅडीला व्यावसायिकाबरोबर चार दिवस चालायला मिळतं. अंतरं मोजणं, वाऱ्याचा अंदाज, ग्रीनचा उतार वाचणं हे तो तिथे शिकतो. त्यासाठी स्पर्धेच्या तीन महिने आधी कॅडींचं शिबिर, अपघात विमा, आणि सोमवारी मैदानावर स्वतः खेळायची मुभा, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. सोमवारच्या मुभेला क्लबांचे सभासद नाक मुरडतात. मुरडू द्यावं.

गोल्फ शिकायला १८ होल लागत नाहीत हेही लक्षात असू द्यावं. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक पाच वर्षांची असताना बंगळुरूच्या ड्रायव्हिंग रेंजवर शिकायला लागली. २५० यार्ड लांब, १०० यार्ड रुंद पट्टा, वीस जणांची सोय, उंच जाळ्या आणि एक सरावाचं ग्रीन. दोन-अडीच हेक्टरात होतं. स्पर्धेला सरकारी पैसा मिळणार असेल तर त्याच्या बदल्यात पालिका शाळांच्या मुलांसाठी अशी एक रेंज मागावी. चार दिवस प्रेक्षक म्हणून आणलेली मुलं टोपी घेऊन घरी जातात आणि पुन्हा कधी येत नाहीत.

स्वयंसेवक किती लागतील? एका होलला ८ मार्शल (गर्दी आणि चेंडूवर लक्ष ठेवणारे) धरले तर १८ होलना १४४, दोन पाळ्यांत २८८. १२० खेळाडूंच्या ४० गटांबरोबर गुण नोंदवणारा एकेक जण, म्हणजे ४०. गैरहजेरीसाठी १५ टक्के जास्त धरून पावणेचारशे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शहरात एवढी पोरं मिळायला अडचण नाही. शिकवायला मात्र किमान दोन पूर्ण दिवस लागतात. चेंडू शोधायला खेळाडूला फक्त तीन मिनिटं मिळतात, म्हणून रफमधला (फेअरवेबाहेरच्या उंच गवतातला) मार्शल चेंडू पडला त्या जागेवर नजर ठेवून चालत जाणारा हवा, मोबाइलवर गोष्टी करणारा नको. चेंडूला हात लावायचा नाही आणि नियमाबद्दल खेळाडूला सल्ला द्यायचा नाही, हे पहिल्या तासात दहा वेळा सांगावं. गर्दीची बडोद्याला भीती नाही. नवरात्रात नऊ रात्री हजारो माणसं गोल फिरवून सुखरूप घरी पाठवणारं शहर आहे हे. फक्त इथे फटका मारताना तीस सेकंद गप्प बसायचं असतं, ते जमेल की नाही याची खात्री मी देत नाही.

आयोजनाचा सांगाडाही गरब्यावरूनच घ्यावा. अमेरिकेत पीजीए टूरच्या बहुतेक स्पर्धा ना-नफा संस्था चालवतात आणि शिल्लक शहरातल्या कामांना देतात. फिनिक्सची स्पर्धा थंडरबर्ड्स नावाची नागरी संस्था चालवते. आपल्याकडे युनायटेड वेचा गरबा याच तत्त्वावर चालतो, म्हणजे हिशेब ठेवायची सवय शहरात आहे. त्याच फिनिक्सच्या स्पर्धेत कचरा डंपिंग ग्राउंडवर जात नाही, पण कचऱ्याबद्दल इंदूरकर वाचत असताना आपण जपून बोललेलं बरं.

एक आकडा आपल्याकडे येणारच नाही. जगभर अशा स्पर्धांचं मोठं उत्पन्न पाहुण्यांच्या तंबूंतून येतं आणि तिथे मद्य असतंच. गुजरातेत दारूबंदी आहे. बाहेरच्या पाहुण्यांना परवाना मिळतो, पण मैदानावरच्या तंबूत ओतता येत नाही, आणि मद्य कंपन्यांचं प्रायोजकत्वही अवघड होतं. ही जमेची बाजू पहिल्यापासून शून्य धरावी. अंदाजपत्रकात ती गृहीत धरून नंतर पालिकेकडे हात पसरणारा आयोजक नको. उलट खाणं स्वस्त ठेवावं. अमेरिकेतल्या ऑगस्टा शहरातल्या मास्टर्स स्पर्धेत पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलरला मिळतं आणि लोक वर्षभर त्याबद्दल बोलतात. आपल्याकडे सेव-उसळ आणि लीलो चेवडो आहे. स्टॉल स्थानिकांना द्यावेत, भाव ठरवून द्यावा, छोट्या विक्रेत्याची एफएसएसएआय नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते ती करून घ्यावी. रश्शाची पातेली मात्र ग्रीनपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

त्या ऑगस्टा शहरात स्पर्धेच्या आठवड्यात शाळांना सुट्टी असते आणि लोक घरं भाड्यानं देऊन फिरायला जातात. तिथला करकायदा वर्षातून १४ दिवसांपर्यंतचं भाडं माफ करतो. आपल्याकडे अशी सूट नाही, तेव्हा दांडिया बाजारातल्या काकूंनी वरचा मजला गोल्फरला देऊन लाखो मिळतील असं कुणी सांगितलं तर आधी सीएला विचारावं.

शेवटी सामान आवरण्याचं. स्टँड, तंबू आणि केबल काढायला दहा-बारा दिवस लागतात आणि मैदानाची खरी हानी तेव्हाच होते. आयोजकाचं लक्ष पुढच्या शहराकडे गेलेलं असतं, कंत्राटदार ओल्या गवतावरून ट्रक नेतो, चाकांखाली माती दबते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे डबकी होतात. सामान चढवण्याआधी जमिनीवर जाड प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा प्लायवूड अंथरणं बंधनकारक करावं. आधीचे फोटो आणि जमिनीचा घट्टपणा मोजलेला अहवाल दोन्ही पक्षांच्या सहीनं ठेवावा. अनामत रक्कम सामान हलल्यावर लगेच परत न देता पहिला पाऊस होऊन गेल्यावर, ऑगस्टअखेर पाहणी करून द्यावी.